वर्षभर परत परत वाचलेली पाच पुस्तकं, आणि घेताना काय बघायचं

मागच्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत नवीन पुस्तकं मी मोजून सात वाचली, पण जुनी पाच मात्र दोनदा, तीनदा, एक तर चारदा वाचून झालं. ओळखीतले लोक सारखे विचारतात की मराठीत काय घेऊ, कुठली प्रत घेऊ, गिफ्ट द्यायला काय चांगलं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

आधी मी वाचते कुठे ते सांगते, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. मी राहते ठाण्यात नौपाड्यात आणि कामाला तुर्भ्याला, मार्केटमध्ये एका आडत्याकडे हिशोब बघते. म्हणजे रोज ट्रान्स-हार्बरने जाऊन येऊन. गाडी ठाण्याहूनच सुटते म्हणून एक गाडी सोडली की बसायला मिळतं, खाडी ओलांडून पारसिकचा डोंगर डावीकडे दिसायला लागला की मी पुस्तक उघडते आणि कोपरखैरणे गेलं की बंद करते. वीस-बावीस मिनिटं होतात, तेवढ्यात पातळ पुस्तकाची बारा-पंधरा पानं आरामात होतात. जाड पुस्तक पर्समध्ये नेऊन बघितलं, डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि वर ते, खांदा भरून येतो, त्यामुळे गाडीतली पुस्तकं वेगळी आणि घरची वेगळी.

घरची पुस्तकं मी मोठ्याने वाचते, आईंसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी. श्रावणात त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दिवाळीच्या आधी दुसऱ्याचं. टीव्हीचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा, पेपर मात्र रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, त्यामुळे डोळ्यांना पट्टी म्हणजे त्यांना शिक्षाच झाली. चौथ्या का पाचव्या दिवशी म्हणाल्या, "अगं, कायतरी वाच बाई, नुसतं पंख्याकडं तोंड करून किती पडायचं." आईंचं माहेर आटपाडीकडचं, म्हणून मी विचार न करता कपाटातून ‘बनगरवाडी’ काढलं. व्यंकटेश माडगूळकर त्याच भागातले, माडगूळचे.

हे पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलेलं आणि तेव्हा माझ्यासाठी ती एका मास्तराची गोष्ट होती. तरुण पोरगा, पहिली नोकरी, धनगरांच्या वाडीवरची बंद पडलेली शाळा, तो मुलं गोळा करतो, तालीम बांधायला वाडीला उभं करतो, पुढे दुष्काळ. 1955 सालचं पुस्तक, पण वाचताना कुठेही जुनं वाटत नाही, वाक्यं इतकी लहान आणि स्वच्छ आहेत. आईंनी मात्र मास्तराकडे फारसं लक्षच दिलं नाही. त्या मला अडवायच्या ते भलत्याच ठिकाणी. शेकूकडे एकच बैल असतो आणि पेरणी तर करायचीच असते, मग त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः जुवाला लागते, तो भाग आला तेव्हा म्हणाल्या, थांब, परत वाच. मी परत वाचलं. मग म्हणाल्या, आमच्या मळ्याशेजारी एकीनं असं केलेलं मी लहानपणी बघितलंय, जू मानेवर घेतलं की पहिल्या दिवशी काय कळत नाही, रात्री कूस बदलता येत नाही तेव्हा कळतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सोललेल्या जागेवर परत जू. असं म्हणून त्यांनी स्वतःच्या मानेमागे हात नेऊन मला ती जागा दाखवली, कुठे टेकतं ते. मी हा प्रसंग वीस वर्षांपूर्वी वाचला होता आणि मला आठवतसुद्धा नव्हता, खरं सांगते.

तिथून पुढे मी वेगळंच वाचायला लागले. आनंदा रामोशी, आयबू, म्हातारा कारभारी, अंजी, ही सगळी माणसं मी पहिल्यांदा मास्तराच्या भोवतीची म्हणून वाचली होती, आता ती एकेक करून पुढे यायला लागली. अंजीला मास्तर तालुक्याहून चोळी शिवून आणून देतो, त्याच्या मनात काही नसतं आणि कारभाऱ्याला भलता संशय येतो, हे मला आधी मास्तरावर झालेला अन्याय वाटलं होतं. यावेळी वाटलं की कारभाऱ्याच्या जागी कुठलाही बाप हेच करेल, पोरगी त्याची आहे, वाडी लहान आहे, बोलणारी तोंडं तीच आहेत आणि मास्तर उद्या बदली होऊन जाणार. आणि शेवटी वाडी मेंढरं घेऊन बाहेर पडते ती पानं वाचताना आईंनी काही विचारलंच नाही, फक्त "पाऊस लागला का गं बाहेर" असं म्हणाल्या, आणि बाहेर खरंच लागला होता, धो धो.

हे पुस्तक वर्षात तीनदा झालं. एकदा आईंसाठी, दोनदा गाडीत. पातळ आहे, हलकं आहे, कुठूनही उघडा, लागतं. ज्यांनी शाळेनंतर मराठी वाचलंच नाही अशा कोणाला एकच द्यायचं असेल तर हेच द्या.

मग ‘स्मृतिचित्रे’, लक्ष्मीबाई टिळकांचं. हे चारदा वाचलं म्हणाले ना ते हेच. पण घेताना एक गोष्ट बघा, याची संक्षिप्त आवृत्ती पण मिळते आणि वरून बघून पटकन कळत नाही. माझ्याकडे आधी तीच होती, एका प्रदर्शनात घाईत घेतलेली, आणि मला वाटायचं की पुस्तक एवढंच आहे. मूळ पुस्तक चार भागांत आलं, 1934 ते 1936 मध्ये. लक्ष्मीबाई 1936 मध्येच गेल्या आणि शेवटचं त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी, पूर्ण केलं. घ्यायचं तर संपूर्ण घ्या, पैसे जास्त जातील पण घ्या, कारण यातली मजा सगळी बारीकसारीक गोष्टींत आहे आणि कापताना नेमक्या त्याच जातात.

मोठ्याने वाचायला याच्याइतकं चांगलं मराठी पुस्तक मला तरी माहीत नाही. बाई लिहीतच नाहीत, समोर बसून सांगतात. मध्येच हसवतात, तुम्ही हसत असतानाच पुढच्या ओळीत असं काहीतरी येतं की आवाज जागच्या जागी अडकतो. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, बायकोला न सांगता, आणि मग ही चार-पाच वर्षं माहेरच्या लोकांच्या आधाराने लहान मुलाला घेऊन राहिली. मी पूर्वी हे पुस्तक टिळकांच्या धर्मांतराची गोष्ट म्हणून वाचलेलं, आपल्याला शाळेत पण टिळक कवी म्हणूनच माहीत असतात. आईंचा प्रश्न सरळ होता: "तो बदलला नि मोकळा झाला, हिनं कुणाच्या चुलीवर भाकरी करायची?" आणि मग लक्षात येतं की बाईंनी सगळं पुस्तकच त्या चुलीजवळून लिहिलंय. कोण कोणाच्या हातचं पाणी पितं, कोणाचं ताट वेगळं, वडिलांचं ते भयंकर सोवळं, सत्तावन्नच्या धामधुमीत घरातल्या माणसाला फाशी झाल्यावर त्यांच्या डोक्यात शिरलेलं, आणि त्या सोवळ्यात दिवस काढणारी आई. पुढे एका रात्री बाई स्वतःशी विचार करत करत ठरवतात की आता मी कोणाच्याही हातचं खाईन, पिईन, ते पान आलं तेव्हा आईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वाचून होईपर्यंत तसाच ठेवला. बाईंना हे कोणी शिकवलं नाही, कोणी भाषण केलं नाही, त्या सोवळ्याच्या घरात वाढलेली बाई आपलं आपण तिथवर पोचली. स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या यानंतर, 1900 मध्ये.

एवढं सगळं भोगून पुस्तकात कोणाबद्दल कडवटपणा नाही. नवऱ्याशी भांडण आहे, भरपूर आहे, तो हातात आलेलं सगळं वाटून टाकतो त्याचा वैताग आहे, पण प्रेम पण तेवढंच, आणि दोन्ही एकाच वाक्यात. टिळकांनी अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’, म्हणजे येशूच्या आयुष्यावरचं काव्य, पुढे हिनेच पुरं केलं, जेमतेम लिहावाचायला शिकलेल्या बाईने. माझी नणंद खारघरला असते, ती एका शनिवारी आईंना भेटायला आली, संध्याकाळी मी वाचत होते तर दारातच उभी राहून ऐकत राहिली, आणि जाताना पुस्तक घेऊनच गेली. अजून दिलेलं नाही.

‘धग’ मात्र मी आईंना वाचून दाखवलं नाही, ते गाडीतच वाचलं आणि मुद्दाम गाडीत वाचलं, आजूबाजूला माणसं असताना. उद्धव शेळक्यांची कादंबरी, 1960 ची, विदर्भातली. कौतिक नावाची बाई, नवरा महादेव शिवणकाम करणारा पण कुठे टिकणारा नाही, आणि पुढे त्याला महारोग होतो. कौतिक राबते, पोरांना शिकवायचं बघते, दर वेळी थोडं उभं राहिलं की परत पडतं. गोष्ट एवढीच. शेवट सांगत नाही. मला हे पुस्तक आवडतं असं म्हणायला पण जीभ अडखळते, पण यावर्षी ते संपल्या संपल्या पुन्हा पहिल्या पानावर गेले हे खरं आहे. पहिल्यांदा मी पूर्णपणे कौतिकच्या बाजूने होते आणि महादेवचा इतका राग यायचा की पान उलटताना हात आपटायचा. दुसऱ्यांदा मी त्या पोरांकडे बघत राहिले. आई-बापाचं भांडण चालू असताना पोर कुठे बसलंय, काय करतंय, हे शेळके एखाद्या ओळीत सांगून जातात आणि ती ओळ पहिल्या वाचनात निसटते कारण आपल्याला भांडणाचं काय झालं ते बघायचं असतं.

यातले संवाद वऱ्हाडीत आहेत, त्याला घाबरू नका. वीस-पंचवीस पानं जड जातात, मग कान बसतो. मी वाचली ती प्रत आमच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची, आणि तिच्यात कोणीतरी माझ्या आधीच्या वाचकाने समासात पेन्सिलीने वऱ्हाडी शब्दांचे अर्थ लिहून ठेवलेत, बारीक, सुवाच्य अक्षर, शिक्षकांचं असावं असं. चाळीसेक पानांपर्यंत अर्थ आहेत आणि मग एकदम बंद. मला आधी वाटलं त्यांनी पुस्तक सोडलं. पण अगदी शेवटच्या पानाच्या खाली त्याच पेन्सिलीने, त्याच अक्षरात, नुसती तारीख आहे. म्हणजे वाचलं त्यांनी पूर्ण, पुढे अर्थ लागतच गेला असणार, किंवा पेन्सिल हातात धरायचं सुचलं नसणार. मी ती प्रत दोन वेळा मुदत वाढवून घेतली.

ग्रंथ संग्रहालयाबद्दल वेगळं लिहायला हवं, पण एवढं तरी सांगते की ठाण्यात राहून तिथे सभासद नसाल तर व्हा. 1893 पासून आहे ते, विनायक लक्ष्मण भावे संस्थापकांपैकी एक, ज्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी साहित्याचा इतिहास लिहिला. जुनी, बाजारात नसलेली पुस्तकं तिथे कपाटात निवांत बसलेली असतात. मी आता नियमच केलाय, आधी तिथून आणून वाचायचं आणि दुसऱ्यांदा वाचावंसं वाटलं तरच विकत घ्यायचं. घरातली जागा पण वाचते आणि कपाटात फक्त लागणारी पुस्तकं राहतात.

विकत घेण्यावरून आठवलं, ऑनलाइन घेताना सांभाळा. मी एक पुस्तक स्वस्त दिसलं म्हणून एका विक्रेत्याकडून मागवलं, तर आलं ते सरळ झेरॉक्सवरून छापलेलं, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, अनुस्वार गायब, आणि मराठीत अनुस्वार गेला की अर्धं वाक्य जातं. परत घ्यायला त्यांनी पंधरा दिवस लावले. तेव्हापासून मी दुकानात जाऊन, मधलंच पान उघडून, छपाई आणि शिवण बघूनच घेते. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं पुस्तक पूर्ण उघडलं की पाठीतून कट्ट असा आवाज येतो, असं पुस्तक परत परत वाचायच्या कामाचं नाही, तिसऱ्या वाचनाला पानं हातात येतात.

‘रणांगण’ एका आठवड्यात दोनदा वाचलं. विश्राम बेडेकर, 1939, म्हणजे युद्ध पेटलं त्याच वर्षी आलेलं. युरोपातून मुंबईला येणारी बोट, तीवर चक्रधर आणि हेर्टा, आणि जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू लोक. लहान पुस्तक आहे, माझ्या पाच-सहा फेऱ्यांत होतं. पहिल्यांदा कोणीही प्रेमकथाच वाचणार, मी पण तेच केलं, आणि प्रेमकथा म्हणून ती जबरदस्त आहेच. दुसऱ्यांदा वाचताना डेकवरचे बाकीचे लोक दिसतात, पत्ते खेळणारे, पोरांना रागावणारे, जेवणाची वाट बघणारे, साधं रोजचं वागणारे, आणि ज्यांना कुठल्या बंदरात कोण उतरून घेईल हे माहीत नाही. माझी तक्रार एकच, चक्रधरचं बायकांबद्दलचं काही बोलणं आज वाचताना टोचतं, आणि लेखकाला ते टोचावं असंच वाटत होतं का, हे माझं दोन वाचनांनंतरही ठरत नाही.

आता पाचवं, आणि हे वाचायची पद्धतच वेगळी. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’, 1956 चं. बारा महिन्यांवर बारा लेख, आपले मराठी महिने, चैत्रापासून. हे एका दमात वाचू नका, मी पूर्वी तीच चूक केली आणि चौथ्या लेखाला कंटाळले. गेल्या पाडव्याला ठरवलं की महिना लागला की त्याच महिन्याचा लेख वाचायचा, आणि महिना संपताना तोच परत. मग मात्र हे पुस्तक काय आहे ते कळलं. पाडव्याला ‘वसंतहृदय चैत्र’ वाचला, दहावीच्या पुस्तकात होता तो काहींना आठवेल, आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनला जाताना रस्त्यातल्या पिंपळाकडे बघितलं तर कोवळी पानं खरोखर तांबूस, चकचकीत, उन्हात हलत होती. त्या पिंपळाखालून मी अकरा वर्षं जातेय. दुर्गाबाई नुसत्या मोगरा-गुलाबात रमत नाहीत, घाणेरीलाही मान देतात, करंजालाही. रुळांच्या कडेला घाणेरी केवढी आहे, आता मला ती गाडीतून रंगासकट दिसते, एकाच झुबक्यात पिवळं आणि गुलाबी.

वैशाखात येऊरला गेलो तर बहावा फुललेला, त्या दिवशी मी पुस्तक बरोबर नेलं होतं आणि तिथेच बसून वैशाख वाचला, नवरा आणि मुलगा कणसं खात होते. भाद्रपद आणि मार्गशीर्ष हे दोन महिने मला नुसते सणांनी माहीत होते, झाडापानांनी कधीच नाही. आणि हे लिहिणारी बाई जंगलात राहणारी नव्हती, मुंबईत ग्रंथालयात बसून आयुष्यभर संशोधन करणारी, आणीबाणीत कराडच्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष असताना उघडपणे विरोधात बोलणारी. एवढ्या सगळ्यात तिने करंजाची फुलं किती दिवस टिकतात हे बघायला वेळ काढला. भाषा थोडी संस्कृतकडे झुकलेली आहे, सलग वाचताना दमवते, म्हणूनच महिन्याला एक लेख हे माप बरोबर बसतं. हे भेट द्यायचं असेल तर पाडव्याला द्या आणि देतानाच सांगा की आज पहिलाच लेख वाचा, पुढचा वैशाखात.

सहावं एक होतं, खूप गाजलेली, जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, लहानपणी मी तिच्यावर जीव टाकायचे. यावेळी शंभर पानांवर थांबले. मुख्य माणूस एवढा मोठा करून ठेवलाय की बाकी कोणाला उभं राहायला जागाच नाही, सगळे त्याच्याकडे बघून थक्क व्हायला आलेले. आईंनी पण दोन रात्री ऐकलं आणि कोणाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. मी ती वाड्यातल्या लहान मुलांच्या पुस्तकांच्या पेटीत देऊन टाकली.

आईंना आता दोन्ही डोळ्यांनी छान दिसतं, नवीन चष्मा लागलाय, पेपर परत पहिल्या पानापासून सुरू झालाय. तरी रात्री साडेनऊला त्या खुर्ची ओढून बसतात आणि माझ्याकडे बघतात. परवा म्हणाल्या, त्या टिळकीणबाईंचं परत लाव. आता रविवारी खारघरला जाऊन नणंदेकडून पुस्तक आणायचंय, तिला फोन केला तर म्हणाली, वहिनी, माझी अजून सत्तर पानं राहिलीत, तुम्ही या पण पुस्तक नेऊ नका, इथेच बसून वाचू.